तिहुआना, २०१६ : थांबा जिथे गाव झाला

२२ सप्टेंबर २०१६. मेक्सिकोच्या उत्तर टोकाला, तिहुआना शहरातल्या एका निवाराघरात तुम्ही जमिनीवरच्या गादीवर बसला आहात. कुंपणापलीकडे अमेरिका. तिकडच्या अधिकाऱ्यांची भेट मिळावी म्हणून तुम्ही नंबर लावला आहे. तेवढ्यात बातमी येते : तुमच्यासारख्या हैतीच्या लोकांना अमेरिका पुन्हा मायदेशी धाडणार.

कुठल्या मायदेशी? २०१०च्या भूकंपात राजधानी पोर्तोप्रिन्स कोसळलं, तेव्हा तुम्ही ब्राझील गाठलंत. फुटबॉल विश्वचषकाच्या आधी तिथे बांधकामांवर माणसं हवीच होती. पुढे मंदी आली, कामं आटली आणि तुम्ही देशामागून देश ओलांडत, कोलंबिया-पनामा सीमेवरचं दारिएनचं जंगल पायी तुडवत इथवर आलात. ऑक्टोबरात मॅथ्यू चक्रीवादळ हैतीला झोडपतं. आता परतायचंही कुठे?

मेक्सिकोत शिरताना मिळालेला कागद २० दिवसांचा होता, तोही देश सोडून जाण्यासाठी. त्यावर ना नोकरी मिळते, ना भाड्याची खोली.

आता २०१७मध्ये या. तुमच्या खिशात मेक्सिको सरकारने दिलेला मानवतावादी परवाना आहे, त्यावर रीतसर काम करता येतं. सीमेलगतच्या कारखान्यांना कामगार कमी पडत आहेत. तुम्ही जुळणीच्या पट्ट्यावर उभे राहता, कुणी गाड्या धुतं, कुणी विटा वाहतं. ब्राझीलमध्ये शिकलेल्या पोर्तुगीजमुळे स्पॅनिश लवकर जिभेवर येते. दुपारी एका खानावळीत तुमच्या ताटात भात-राजमा आणि केळ्याचे काप येतात. काप एकदा तळून, दाबून चपटे करून पुन्हा तळलेले, अगदी घरच्यासारखे. शेजारच्या टेबलावर मेक्सिकन गवंडी तेच ताट मागवतात.

सगळं सुरळीत नाही. तुमच्यातल्या एका शिक्षकाची पदवी इथे चालत नाही, तो गोण्या उचलतो. रंग पाहून घरमालक दार लावून घेतात. पण मुकादमाने पगार बुडवला तर आता हद्दपारीची धास्ती न बाळगता तक्रार करता येते. निवाराघरात दोन वेळचं जेवण मिळत होतं, त्याचे उपकार आहेतच. पण तुम्हाला पायावर उभं केलं ते या परवान्याने.

नोव्हेंबर २०१८. मध्य अमेरिकेतून हजारो स्थलांतरितांचा काफिला शहरात थडकतो. सरकार रोजगार मेळावा भरवतं. धुळीने माखलेला एक होंडुरासचा तरुण तुम्हाला विचारतो, “इथे निभाव लागेल?”

“लागेल,” तुम्ही त्याला रांगेकडे नेत सांगता. “आधी परवाना काढ.”