ग्रीडो कोणत्या भाषेत बोलत होता?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षे नऊ. येताना पिशवीभर पत्ते घेऊन आला. आपले इस्पिक-बदामाचे नव्हेत, 'स्टार वॉर्स'चे. प्रत्येक पत्त्यावर एक चित्र, त्याखाली नाव, जमात आणि तो कोणत्या बाजूचा त्याची नोंद. दुपारभर बलकांवात बसून त्याचा उद्योग एकच. चांगल्यांचा एक ढीग आणि वाईटांचा एक. मध्येच एका पत्त्यापाशी तो अडला आणि मला विचारता झाला, "मामा, हे रोडियन सगळेच वाईट असतात?"

मी पत्ता हातात घेतला. हिरवी कातडी, काळे टपोरे डोळे, सोंडेसारखे तोंड. अरे, हा तर ग्रीडो! माझी त्याची ओळख जुनी. ऐंशीच्या दशकात आमच्या वाड्यावर भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर सिनेमे बघायची पद्धत होती. त्यात कोणीतरी ही कॅसेट आणली होती. वाळवंटातल्या एका दारूच्या गुत्त्यात हा ग्रीडो नायकाच्या दोस्ताला, हान सोलोला, धमकावतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत मारला जातो. तो बोलतो ती भाषा आम्हाला कळली नाही. ती कोणाचीच नसणार, परग्रहावरच्या प्राण्याची काय भाषा असायची, असे आम्ही धरून चाललो होतो.

पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की ती भाषा अगदीच 'कोणाचीच नाही' अशी नव्हती. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

ज्यांना हे विश्व ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज लुकस या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'स्टार वॉर्स' हा पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर १९८० आणि १९८३ साली पुढचे दोन भाग आले. दूरच्या एका आकाशगंगेत जुलमी साम्राज्य आहे, त्याविरुद्ध बंडखोर आहेत, जेडाय नावाचे योद्धे-संन्यासी आहेत आणि शेकडो ग्रहांवर शेकडो जमाती आहेत. १९९९ ते २००५ या काळात लुकसने आणखी तीन चित्रपट काढून याची आधीची कथा सांगितली. २०१२ साली डिस्नेने त्याची कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर चित्रपटांची, मालिकांची रांगच लागली.

यातल्या बाजू, म्हणजे पक्ष-विपक्ष, कुठून आले हे ओळखणे कठीण नाही. साम्राज्याच्या सैनिकांना 'स्टॉर्मट्रूपर' म्हणतात. हे नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तुकड्यांचे. अधिकाऱ्यांचे गणवेशही त्याच वळणाचे. पण लुकसच्या मनातले साम्राज्य निव्वळ जर्मन नव्हते. बलाढ्य सैन्याला जंगलातले लोक साध्या हत्यारांनी नमवतात, हे चित्र त्याने व्हिएतनामवरून घेतले. तसे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. म्हणजे ज्या देशातले लोक रांगा लावून बंडखोरांसाठी टाळ्या वाजवत होते, त्याच देशाला दिग्दर्शक साम्राज्याच्या जागी बघत होता! पुढच्या चित्रपटांत पॅल्पटीन नावाचा निवडून आलेला प्रमुख युद्धाचे कारण सांगून आणीबाणीचे अधिकार मागतो, सभागृह ते देते आणि २००५ सालच्या चित्रपटात त्याच सभागृहाच्या टाळ्यांच्या गजरात तो सम्राट होतो. रोममध्ये ऑगस्टसच्या वेळी सिनेट बरखास्त झाली नव्हती, ती बसतच होती. जर्मनीच्या संसदेने २३ मार्च १९३३ रोजी मतदान करूनच आपले अधिकार हिटलरच्या हाती दिले. पक्षांच्या बाबतीत लुकसने इतिहास वाचलेला होता, हे मान्य केले पाहिजे.

जमातींचे मात्र तसे नाही. इथे मला भाच्याचा प्रश्न खरा महत्त्वाचा वाटतो.

या विश्वात माणूस चांगला असतो, वाईट असतो, लोभी असतो, पश्चात्तापही पावतो. डार्थ व्हेडरसारखा क्रूरकर्माही शेवटी मुलासाठी जीव देतो. परंतु इतर जमातींना ही मुभा सुरुवातीला फारशी नव्हती. हट म्हटला की गुन्हेगारांचा म्होरक्या. जावा म्हटला की भंगार उचलणारा आणि फसवून विकणारा. टस्कन म्हटला की वाटमाऱ्या. वूकी म्हटला की रागीट पण इमानी. एक जमात, एक स्वभाव. पत्त्यावर छापायला सोपे!

आपल्याकडे हा प्रकार कागदावर आणि कायद्यात होता. इंग्रजांनी १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. त्या यादीत ज्यांचे नाव आले त्यांचे मूल जन्मतःच गुन्हेगार. पोलिसात हजेरी आणि गावाबाहेर जायचे तर परवानगी. स्वतंत्र भारतात तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसायला कायदा पुरत नाही, हे महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांची आत्मकथने वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. 'हे सगळेच वाईट असतात?' हा प्रश्न त्यामुळे मला पोरखेळ वाटत नाही.

आता भाषेकडे येतो.

या चित्रपटांच्या ध्वनीची जबाबदारी बेन बर्ट या तंत्रज्ञाकडे होती. परग्रहवासीयांना बोलायला लावायचे होते. उगाच तोंडाला येईल ते बडबडले की ते खोटे वाटते, हे बर्टच्या लवकरच लक्षात आले. खऱ्या भाषेला एक लय असते, श्वास घ्यायच्या जागा असतात. त्या कोणी एका दिवसात बनवू शकत नाही. म्हणून त्याने जगातल्या भाषांची ध्वनिमुद्रणे ऐकायला सुरुवात केली. अट एकच, अमेरिकन प्रेक्षकाला ती भाषा ओळखता येता कामा नये. ग्रीडोची भाषा केचुआच्या उच्चारांवर बेतली गेली. तीच पुढे जब्बा या हटाच्या तोंडी आली. जावांची बोली झुलूवर बेतून वेगाने वाजवली. ईवॉक नावाचे अस्वलासारखे केसाळ बुटके प्राणी १९८३ च्या चित्रपटात आहेत. त्यांच्या बोलीसाठी काल्मिक भाषेचा आधार घेतला. टस्कनांना तर भाषाही मिळाली नाही. त्यांच्या आवाजासाठी ट्युनिशियातल्या चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रित केलेले खेचरांचे खिंकाळणे वापरले.

बर्टच्या कारागिरीबद्दल मला आदरच आहे. त्याच्या मनात कोणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. पण ज्यांची ही भाषा, त्यांच्या बाजूने जरा बघू या.

केचुआ ही इंका साम्राज्याची भाषा. पेरूमध्ये १७८० साली तुपाक अमारू दुसरा याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठे बंड केले. १७८१ च्या मे महिन्यात कुस्को शहरात त्याला हालहाल करून मारले आणि पाठोपाठ फर्मान निघाले. इंकांचा पोशाख बंद, त्यांची नाटके बंद, त्यांची भाषा सोडून स्पॅनिश शिका. जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९७५ साली, पेरूच्या सरकारने केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तिचे उच्चार जगभरच्या पडद्यांवर गेले ते एका भाडोत्री मारेकऱ्याच्या सोंडेतून. आज सुमारे ८० लाख लोक ती भाषा बोलतात.

हे फर्मान वाचताना गोमंतकीय माणसाला काय आठवते ते सांगायला हवे का? २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या पोर्तुगीज विजरईने, कोंदे द आल्व्होरने, हुकूम काढला की इथल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. हा तोच विजरई, ज्याची झोप संभाजी महाराजांच्या स्वारीने काही महिन्यांपूर्वीच उडवली होती. तीन वर्षे संपली, तीनशेहून अधिक वर्षे गेली, लोक घरात बोलायचे ते बोलतच राहिले. पुढे आपण भाषेवरून आपसात किती भांडलो तो विषय वेगळा, आज त्यात शिरत नाही. पण एवढे खरे की आपल्या तोंडच्या बोलीला कोणी निव्वळ 'आवाज' म्हटले तर काय वाटते, हे समजायला आपल्याला पेरूला जावे लागत नाही.

काल्मिकांची कथा तर आणखी दारुण. हे मंगोल कुळातले बौद्ध लोक. सतराव्या शतकात व्होल्गा नदीकाठी येऊन राहिले. डिसेंबर १९४३ मध्ये स्टालिनने सगळ्या काल्मिकांना देशद्रोही ठरवले आणि सुमारे ९३ हजार माणसांना, बायकापोरांसकट, मालगाड्यांत कोंबून सैबेरियात पाठवले. कित्येक वाटेतच थंडीने गेले. परत येण्याची मुभा १९५७ साली मिळाली. आणखी काही काल्मिक निर्वासित होऊन अमेरिकेत पोहोचले होते. बर्टने ज्यांची भाषा ध्वनिमुद्रित केली त्यांत एक म्हातारी काल्मिक बाई होती. तिने माइकसमोर आपल्या बोलीत गोष्टी सांगितल्या. त्यातले शब्द, त्यातले हेल ईवॉकांच्या तोंडी गेले. ज्या भाषेसकट एक समाज नकाशावरून पुसायचा प्रयत्न झाला, ती अस्वलाच्या पिलांची गोड बडबड म्हणून कोट्यवधी लोकांच्या कानी पडली. खुद्द 'ईवॉक' हे नावही कॅलिफोर्नियातल्या मिवॉक या आदिवासींच्या नावावरून आलेले. त्यांचीही संख्या गोऱ्यांच्या वसाहतींच्या काळात भयानक घटली होती.

मात्र याच चित्रपटात एक गंमतही आहे. शेवटच्या लढाईत लँडो या वैमानिकाचा सहकारी असतो निएन नन्ब. लोंबत्या गालांचा, हसऱ्या तोंडाचा. त्याचा आवाज किपसांग रोटिच या केनियातल्या विद्यार्थ्याचा. रोटिचने नवी बोली वगैरे काही बनवली नाही, सरळ आपल्या देशातल्या भाषेत बोलून मोकळा झाला. केनियात चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षकांना कळेना, हा परग्रहावरचा प्राणी आपल्या भाषेत कसा बोलतो! लोक खूश झाले. पडद्यावर बाकी कोणाला जे कळत नव्हते ते फक्त त्यांना कळत होते. २०१५ च्या चित्रपटासाठी रोटिचला पुन्हा बोलावून घेतले गेले.

गेल्या काही वर्षांत आणखीही बदल झाले. टस्कनांचेच बघा. २०१९ साली 'द मँडलोरियन' ही मालिका आली तेव्हा टस्कनांसाठी हातवाऱ्यांची भाषा तयार करण्यात आली आणि ती तयार केली ट्रॉय कोट्सर या कर्णबधिर नटाने. त्यालाच पुढे २०२२ साली 'कोडा' चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. त्यानंतरच्या एका मालिकेत टस्कनांचे तळ, त्यांचे रीतिरिवाज, पाण्यावरचा त्यांचा पूर्वापार हक्क हे सगळे दाखवले. वाटमारे म्हणून ज्यांना बघितले ते त्या वाळवंटाचे मूळ रहिवासी होते! आणि च्युबाका हा वूकी, १९७७ च्या शेवटच्या प्रसंगात ल्यूक आणि हान या दोघा माणसांना पदके मिळाली तेव्हा शेजारी नुसताच उभा होता. त्याला पदक मिळायला २०१९ उजाडले. बेचाळीस वर्षे!

पण मला सर्वांत मोठी वाटते ती घटना ३ जुलै २०१३ ची. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या विंडो रॉक या गावी मूळचा 'स्टार वॉर्स' नवाहो भाषेत दाखवला गेला. याच नवाहो मुलांना एकेकाळी सरकारी वसतिशाळांत आपल्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. आणि याच नवाहोंच्या भाषेचा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने गुप्त संदेशांसाठी उपयोग केला. तिथल्या संग्रहालयाच्या संचालकाने अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. तरुण पोरे भाषा विसरत चालली आहेत, त्यांना ती आवडीने ऐकायला लावायची तर असे काहीतरी हवे, हा त्याचा विचार. त्या रात्री ल्यूक, लिया, डार्थ व्हेडर सगळे नवाहो बोलले. २०२४ साली कॅनडात ओजिब्वे भाषेतही हाच चित्रपट आला.

फरक लक्षात आला ना? केचुआ आणि काल्मिक यांना इतरांनी उचलून परग्रहवासीयांच्या तोंडी घातले, कारण त्या कोणाला कळत नव्हत्या. नवाहो लोकांनी मात्र सगळी आकाशगंगाच आपल्या भाषेत आणली.

हे सगळे नऊ वर्षांच्या पोराला सांगणे शक्य नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले, "अरे, हा ग्रीडो जे बोलतो ना, ती खऱ्या माणसांच्या भाषेवरून घेतली आहे. दक्षिण अमेरिकेत डोंगरात राहतात ते लोक."

त्याने पत्ता परत घेतला, जरा वेळ निरखला आणि विचारले, "मग त्यांना तो काय बोलतो ते कळत असेल?"

मी म्हटले, "एखादा शब्द कळत असेल. ओळखीचा वाटत असेल."

"मग त्यांना वाईट वाटत असेल. लगेच मारतात त्याला."

पत्ता त्याने कुठल्याच ढिगात ठेवला नाही. संध्याकाळी दिवे लावायला उठलो तेव्हा ग्रीडो बलकांवाच्या कठड्यावर एकटाच उभा करून ठेवलेला होता.