कुंपण सहा फुटांपेक्षा उंच हवे असेल तर? अमेरिकेतील 'झोनिंग व्हेरियन्स' म्हणजे काय

अमेरिकेतल्या उपनगरांत घर आणि जमीन स्वतःची असली, तरी कुंपण किती उंच असावे हे मालकाला ठरवता येत नाही. ते त्या गावाचे झोनिंगचे नियम ठरवतात. गावागणिक आकडे बदलतात, पण सर्वसाधारणपणे मागच्या अंगणात कमाल ६ फूट आणि घरासमोर ३ किंवा ४ फूट उंचीची मुभा असते. त्याहून उंच कुंपण हवे असेल, तर स्थानिक बोर्डाकडे अर्ज करून त्या एका प्लॉटपुरती नियमातून सवलत मागावी लागते. या सवलतीला 'व्हेरियन्स' म्हणतात.

शहरभर लागू होणारी झोनिंगची पहिली सर्वंकष नियमावली न्यूयॉर्कने १९१६ मध्ये केली. घरमालकाच्या हक्कावर असे निर्बंध घालणे घटनेला धरून आहे का, हा वाद ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२६ मध्ये न्यायालयाने झोनिंगच्या बाजूने निकाल दिला. त्याच सुमारास केंद्रीय वाणिज्य खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. नियम सगळ्यांना सारखा लावला, तर काही विचित्र आकाराच्या किंवा उताराच्या जमिनींवर अन्याय होईल, हे त्यात गृहीत धरले होते. अशा ठिकाणी 'अनावश्यक अडचण' होत असेल, तर बोर्डाला सवलत देता यावी, अशी तरतूद त्यात होती. आजचा व्हेरियन्स त्यातूनच आला आहे.

अडचण कोणाची?

बहुतेक अर्ज इथेच अडतात. कुत्रा उडी मारतो, शेजाऱ्यांची खिडकी थेट आपल्या अंगणात उघडते, रस्त्याचा आवाज येतो, हरणे भाजीचा वाफा फस्त करतात, अशी कारणे अर्जदार मांडतात. ती खरी असतात, पण बोर्डाचा प्रश्न वेगळा असतो: या जमिनीत असे काय आहे, जे आजूबाजूच्या जमिनींत नाही? हरणे तर गल्लीतल्या सगळ्यांकडेच येतात.

मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीचा कायदा हे स्पष्ट लिहितो. तिथल्या 'म्युनिसिपल लँड यूज लॉ'मध्ये कुंपणाच्या उंचीसाठी दोन वाटा आहेत. पहिली अडचणीची: प्लॉट फार अरुंद किंवा कमी खोलीचा असणे, त्याचा आकार वेडावाकडा असणे, जमिनीला चढउतार असणे, किंवा त्या मालमत्तेपुरती एखादी असाधारण परिस्थिती असणे. दुसरी फायद्याची: सवलतीने नियोजनाचा एखादा हेतू साधतो आणि त्याचा लाभ तोट्यापेक्षा बराच जास्त आहे, हे दाखवणे. मात्र हा लाभ फक्त अर्जदाराचा असून चालत नाही. तो परिसराचाही असावा लागतो, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या कॉफमन खटल्यात स्पष्ट केले. वाट कोणतीही घेतली, तरी शेजाराचे फारसे नुकसान होत नाही आणि गावाच्या झोनिंग आराखड्याला धक्का लागत नाही, हेही सिद्ध करावे लागते.

उताराचे कारण सगळ्यात समजण्यासारखे. कुंपणाची उंची साधारणपणे जमिनीपासून मोजतात. मागचा रस्ता अंगणापेक्षा ३ फूट उंचावर असेल, तर ६ फुटी कुंपण रस्त्यावरून पाहणाऱ्याला ३ फुटीच दिसते. म्हणजे नियमाने जो आडोसा सगळ्यांना दिला, तो या एका घराला मिळत नाही. हे कागदावर दाखवायला जमिनीच्या पातळ्या असलेला मोजणी नकाशा आणि एक छेदचित्र पुरते. नुसत्या फोटोंनी बोर्डाला अंदाज येत नाही.

कोपऱ्याच्या प्लॉटची गोष्ट आणखी नेहमीची. दोन्ही बाजूंनी रस्ता असल्यामुळे अनेक गावांत त्या दोन्ही बाजू 'समोरच्या' धरल्या जातात. मग मुले जिथे खेळतात त्या बाजूच्या अंगणालाही ४ फुटांचीच मर्यादा लागते. इथे सवलतीची शक्यता बरी असते, पण वळणावर गाडीचालकाला दिसण्यासाठी जो त्रिकोणी भाग मोकळा ठेवायचा असतो, त्यात बोर्ड सहसा तडजोड करत नाही. कुंपण पदपथापासून काही फूट आत घेऊन मधल्या पट्ट्यात झुडपे लावण्याची तयारी असेल, तर ती अर्जातच लिहिलेली चांगली.

अर्ज ते सुनावणी

न्यू जर्सीत आधी झोनिंग अधिकाऱ्याकडे परवाना मागायचा. उंची बसत नाही म्हणून तो नाकारला, की प्रकरण झोनिंग बोर्डाकडे जाते. अर्ज पूर्ण आहे की नाही हे ४५ दिवसांत ठरते आणि पूर्ण ठरल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालमत्ताधारकांना नोटीस द्यावी लागते: हातोहात किंवा सर्टिफाइड मेलने. त्याशिवाय जाहीर सूचनाही असते. यादीतले एक घर राहून गेले, तरी सुनावणी पुढे ढकलली जाऊ शकते. त्यामुळे यादी टाउनशिपकडूनच घ्यावी.

सुनावणीत साक्ष शपथेवर होते. स्वतःच्या घरासाठी वकील लावणे सक्तीचे नाही. शेजाऱ्यांना प्रश्न विचारता येतात. आपल्याकडे अशा वेळी सोसायटीत सह्यांची मोहीम काढायची सवय असते. पण न्यू जर्सीतली अनेक बोर्डे सह्यांचे निवेदन पुरावा म्हणून घेत नाहीत, कारण कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही. एक शेजारी प्रत्यक्ष येऊन बोलला, तर त्याचे वजन जास्त. अर्थात हे मतदानही नव्हे: नुसता कोणाचा विरोध आहे म्हणून अर्ज फेटाळता येत नाही.

निर्णयाचा लेखी ठराव होतो. नकार मिळाल्यास ठरावाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत सुपीरिअर कोर्टात दाद मागता येते. मात्र न्यायालय नव्याने पुरावा घेण्यापेक्षा बोर्डापुढे काय मांडले होते तेच मुख्यतः तपासते. सुनावणीत राहून गेलेला मुद्दा नंतर सहसा कामी येत नाही.

राज्य बदलले की कसोटी बदलते. न्यूयॉर्क राज्यात अर्जदाराचा फायदा आणि परिसराचा तोटा तोलतात. परिसराचे स्वरूप बिघडेल का, दुसरा मार्ग आहे का, मागणी मोठी आहे का, भौतिक वा पर्यावरणीय परिणाम काय आणि अडचण स्वतःच ओढवून घेतली आहे का, असे पाच प्रश्न त्यासाठी कायद्यात दिले आहेत. कॅलिफोर्नियाचा भर जमिनीचा आकार, उतार, स्थान अशा विशेष परिस्थितीवर असतो आणि शेजाऱ्यांना नसलेला खास हक्क देता येत नाही.

आधी बांधले तर

कुंपण उभे राहिले, शेजाऱ्याने तक्रार केली, टाउनशिपची नोटीस आली आणि मग अर्ज केला, हा क्रम सर्वांत महागात पडतो. 'आता पाडायला खर्च येईल' ही अडचण मालकाने स्वतः निर्माण केलेली असते आणि बोर्ड ती धरत नाही. कंत्राटदाराने 'परवाना लागत नाही' असे सांगितले असेल, तर तेही तपासावे. ७ फुटांपर्यंतच्या कुंपणाला बांधकाम परवाना नको, असे अनेक ठिकाणच्या बांधकाम नियमांत आहे. पण झोनिंगची मर्यादा ही वेगळी बाब आहे.

घरातल्या व्यक्तीच्या अपंगत्वामुळे उंच कुंपण लागत असेल, उदाहरणार्थ स्वमग्न मूल कुंपण चढून रस्त्यावर जात असेल, तर नेहमीचा व्हेरियन्स ही एकमेव वाट नाही. १९८८ मध्ये सुधारलेल्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार स्थानिक संस्थेने नियमात वाजवी फेरबदल करणे अपेक्षित असते. ही मागणी लेखी आणि त्याच नावाने करावी. इथे जमिनीची नव्हे, व्यक्तीची गरज मोजली जाते.

मागणी कमीत कमी ठेवलेली बरी. पूर्ण हद्दीवर ८ फुटांऐवजी रस्त्याकडच्या भागापुरते ७ फूट मागणारा अर्ज मान्य होणे सोपे. हरणांसाठी काही गावांत जाळीच्या उंच कुंपणाची वेगळी तरतूद असते. ती आधी पाहावी.

मंजुरी जमिनीबरोबर राहते, त्यामुळे घर विकले तरी ती पुढच्या मालकाला लागू होते. पण ती होमओनर्स असोसिएशनला बांधील करत नाही. तिची परवानगी वेगळी घ्यावी लागते. खड्डे खणण्याआधी ८११ वर फोन करून गॅस आणि विजेच्या भूमिगत लाइन्सवर खुणा करून घ्याव्यात. ही सेवा मोफत आहे.