दत्तू फडकर : दोन याद्यांमधला खेळाडू

क्रिकेटचा इतिहास लिहिणारे प्रायः दोन याद्या करतात, एक फलंदाजांची आणि दुसरी गोलंदाजांची. ज्याने दोन्ही कामे केली, त्याचे नाव दोन्ही यादींत असते, पण बरेच खाली. आणि खालची नावे वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. 'अष्टपैलू' हा शब्द गौरवाचा खरा, पण त्या गौरवाच्या आड विस्मरणही सोयीने लपते. कोल्हापूरला १९२५ साली जन्मलेले दत्तात्रय गजानन उर्फ दत्तू फडकर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९४७ च्या हिवाळ्यात लाला अमरनाथांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियात गेला. देश स्वतंत्र होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. विजय मर्चंट, रूसी मोदी, मुश्ताक अली येऊ शकले नाहीत. फाळणीनंतर फझल महमूदही संघात राहिला नाही. वेगवान गोलंदाजीची अवस्था तर दयनीयच होती. अमरसिंग १९४० मध्येच निवर्तले होते आणि निसार १९३६ नंतर कसोटी खेळले नव्हते. समोर मात्र साक्षात ब्रॅडमन! ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत भारताचे दोन डाव ५८ आणि ९८ धावांत आटोपले.

सिडनीच्या दुसऱ्या कसोटीत बाविशीच्या फडकरांना प्रथमच संधी मिळाली. हे नवखे खेळाडू आठव्या क्रमांकावर फलंदाजीस आले आणि त्यांनी ५१ धावा केल्या. भारताच्या १८८ धावांत ही सर्वाधिक होय. नंतर चेंडू हाती घेऊन त्यांनी अवघ्या १४ धावांत तीन बळी टिपले. ब्रॅडमनचा त्रिफळा हजाऱ्यांनी १३ धावांवर उडवला आणि ऑस्ट्रेलियाचा डाव १०७ धावांत कोसळला. पावसाने सामना अनिर्णित राहिला. आज त्या कसोटीचे नाव काढले की विनू मंकडांनी ब्राऊनला चेंडू टाकण्यापूर्वीच धावबाद केल्याचा वाद तेवढा आठवतो. एका नवख्याने एकाच सामन्यात बॅट आणि चेंडू दोन्ही गाजवले, ही गोष्ट त्या वादाखाली दडपली गेली.

ॲडलेडच्या चौथ्या कसोटीत तर हा प्रकार अधिकच स्पष्ट दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या ६७४ धावांना उत्तर देताना भारताचे पाच गडी १३३ धावांत परतले. तेव्हा सांगलीचे विजय हजारे आणि कोल्हापूरचे फडकर या दोन शेजाऱ्यांनी १८८ धावांची भागीदारी केली. हजाऱ्यांनी त्या सामन्यात ११६ आणि १४५ अशी दोन शतके ठोकली. ती इतिहासात अजरामर झाली आणि ते योग्यच झाले. परंतु पहिल्या डावात हजाऱ्यांपेक्षाही अधिक, म्हणजे १२३ धावा फडकरांच्या होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या मालिकेत फडकर चार कसोटी खेळले आणि चारही कसोटींच्या पहिल्या डावात त्यांनी पन्नाशी ओलांडली. मालिका आपण ४-० अशी हरलो, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे नवा चेंडू बराच काळ त्यांच्याच हाती राहिला, कारण दुसरे होते कोण? १९४८-४९ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात त्यांनी सात बळी घेतले, पण त्यासाठी १५९ धावा मोजल्या. एवढे राबून पुन्हा फलंदाजीस उभे राहायचे! १९५२ साली मद्रासलाच भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात त्यांच्या ६१ धावा होत्या. एकूण ३१ कसोटी, १२२९ धावा, ६२ बळी. कोणतीही एकच यादी घेतली तर हे आकडे मध्यम वाटतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तरच माणूस दिसतो.

हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये तर चेंडू फेकणारा आणि तडाखे मारणारा यांच्या वाटा जवळजवळ वेगळ्याच झाल्या आहेत. बेब रूथने शतकापूर्वी दोन्ही कामे केली होती. नंतर जपानचा शोहेई ओहतानी २०१८ साली तिकडे गेला, तेव्हा 'एक काहीतरी निवड' असाच सल्ला अनेकांनी दिला. त्याने १ एप्रिलला चेंडूफेकीच्या बळावर सामना जिंकून दिला आणि ३ एप्रिलला बॅटने पहिला 'होम रन' मारला. त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदिताचा मानही त्याने पटकावला. पण त्याच वर्षी कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि २०१९ मध्ये त्याला केवळ फलंदाजीवर समाधान मानावे लागले. दोन्ही कामांची किंमत अशी द्यावी लागते.

वाचकहो, बालाघाटच्या माणसाला हे सारे परके वाटू नये. फडकर सिडनीत खेळत होते तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-भंडाऱ्यासह आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपणही दोन याद्यांमध्ये आहोत. गोंदियाला गेलो की आपली मराठी हिंदी वळणाची ठरते; जबलपूर-भोपाळला गेलो की हिंदी मराठी वळणाची. दोन्हीकडचे परीक्षक अर्धेच गुण देतात.

शाळेत नाव घालताना पालक विचारतात, "सर, दोन भाषांचा भार कशाला? एक तरी धड येऊ द्या." भार असतो, हे मी नाकारत नाही. दुहेरी काम करणाऱ्याला दुप्पट सराव लागतो, प्रसंगी उशीर होतो, आणि पहिला क्रमांक बहुधा दुसऱ्याकडे जातो. पण पाच गडी बाद झाल्यावर जो उभा राहतो आणि पुन्हा नवा चेंडूही हाती घेतो, त्याच्याविना संघ चालत नाही. अशी मुले आपल्या घरांत आहेत. त्यांचे मोजमाप करताना दोन्ही रकाने एकत्र वाचावेत, एवढेच पालकांना आणि गुरुजनांना सांगणे आहे.