काचेपलीकडची बाळंतीण

बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं की आपल्याकडे निरोप येतो, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ बाळ काचेत, हे सगळे सांगतात. आई कुठे आहे, हे कुणी सांगत नाही. आज त्या आईबद्दल बोलायचंय.

काच नव्हती तेव्हा बाळंतिणीची खोली होती. अंधारी, शेगडीच्या धुरानं भरलेली. तिचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. अशा खोल्यांत धनुर्वातानं किती मुलं गेली, त्याची गणती नाही. पण सोयराचे दहा दिवस आई आणि मूल एकाच अंथरुणावर असायचे. पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते म्हणून बायका जागायच्या. बाळ एकटं असं नसायचंच.

काच आली पॅरिसहून. 1880 च्या सुमारास स्तेफान तार्निए या डॉक्टरांनी कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहून बाळांसाठी ऊबपेटी करवून घेतली. मुलं वाचायला लागली. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या मात्र वेगळंच लक्षात आलं: बाळापासून फार दिवस लांब राहिलेल्या आयांची त्या बाळातली ओढच कमी होते. म्हणून आयांनी येऊन स्वतः पाजावं, असा त्यांचा आग्रह. 1900 साली त्यांनी हे पुस्तकात लिहून ठेवलं, आणि जग ते विसरलं. तिकडे अमेरिकेत मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ 1903 ते 1943 कोनी आयलंडच्या जत्रेत अशी बाळं पेटीत ठेवून 25 सेंटच्या तिकिटावर दाखवत होता. हसू नका, त्यानं खरोखर हजारो जीव वाचवले. नंतर इस्पितळांनी पेट्या घेतल्या आणि जंतूंच्या भीतीनं दार लावून घेतलं. भीती खोटी नव्हती. पण बाहेर ठेवलेल्यांत आईही होती.

आता मुंबईत या. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, म्हणजे आपलं सायन हॉस्पिटल. 1970 च्या दशकाच्या शेवटी तिथं डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात विभाग बघू लागल्या. बाळं जंतुसंसर्गानं जात होती, नर्स अपुऱ्या, पैसा महापालिकेचा. त्यांनी डब्याचं दूध आणि बाटल्या बंद केल्या आणि आयांना आत घेऊन बाळांच्या देखभालीला लावलं. मृत्यू कमी झाले. 27 नोव्हेंबर 1989 ला तिथंच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. गंमत बघा, दक्षिण अमेरिकेत कोलंबियातल्या बोगोटा शहरीही असंच घडलं होतं. 1978 ला तिथं पेट्या पुरेनात म्हणून डॉ. एदगार रे यांनी बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. दोन्हीकडे आधी टंचाईनं दार उघडलं. शास्त्राचा शिक्का नंतर बसला.

शिक्का केव्हा? 2021 ला. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं पाच देशांत अभ्यास झाला, भारतातून दिल्लीचं सफदरजंग होतं. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली बाळं. एका गटात बाळ जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी, दिवसाला सतरा तासांच्या आसपास. दुसऱ्यात तब्येत स्थिरावल्यावर. 28 दिवसांत पहिल्या गटात शंभरात 12 बाळं गेली, दुसऱ्यात 15.7. म्हणजे आईला आत घेणं ही मेहेरबानी नव्हे, उपचार आहे.

आणि माया? क्लाउस आणि केनेल या अमेरिकी डॉक्टरांनी 1976 च्या पुस्तकात पहिल्या काही तासांना फार महत्त्व दिलं. त्यानं इस्पितळं थोडी सुधारली, पण ते तास हुकलेल्या आया उगाच घाबरल्या. पुढे त्यांनी स्वतःच तो दावा सौम्य केला. ज्या बाईनं तळहाताएवढं, नळ्यांत गुंतलेलं मूल पाहिलंय, तिला आधी भीतीच वाटते. ‘हे माझंच का?’ असंही मनात येतं. त्यात तिचं काही चुकत नाही. बोट त्याच्या मुठीत दिलं, दर दोन-तीन तासांनी दूध काढलं, वाटी-चमच्यानं पाजलं, लंगोट बदलला, की ओळख होत जाते. ती हातांतून होते. नुसत्या काचेतून बघून फार हळू होते.

आता आगरदांड्याचं बघा. मुरूड जवळ, पण जिल्हा रुग्णालय अलिबागला, पन्नास किलोमीटरच्या वर. समजा मुरूडला बाळंतपण झालं आणि बाळाला अलिबागला हलवलं. रुग्णवाहिकेत बाबा बसतो नाहीतर आजी. टाके पडलेली आई खाटेवर. तिचं दूध तिकडे हवं, ती इकडे. इथं काच पन्नास किलोमीटर जाड होते. म्हणून माझं म्हणणं असं की बाळ हलवताना पहिला प्रश्न पेटीचा विचारा, आणि दुसरा आईच्या खाटेचा: ती कधी येणार, तिथं निजणार कुठे, जेवणार काय? आणि ती पोचेपर्यंत बाबानं शर्टाची बटणं सोडून बाळ छातीशी घ्यायला हरकत नाही; डॉक्टरांना विचारून घ्या. कांगारू पद्धतीत तेही चालतं. आपल्याकडचे पुरुष लाजतात, एवढंच.