मडक्यावरची झिलई आणि घडवणाऱ्याचे नाव

नागपूरहून काटोल रोडने निघाले की जुनापाणी, माहुरझरी ही ठिकाणे लागतात. तिथे मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची ती दफने. १९७० च्या सुमारास डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे माहुरझरीला खोदकाम केले. लोखंडी हत्यारे निघाली, घोड्याचे तांब्याचे साज निघाले आणि आतून काळी, बाहेरून तांबडी अशी मडकी निघाली. अशा मडक्यांना चकाकी असते, पण ती झिलई नव्हे. ओलसर मडके गुळगुळीत गोट्याने घासायचे आणि मग भाजायचे, त्याची ती चमक.

झिलई म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरणीवर असते ती. वाळू आणि खार दळून मडक्यावर चढवतात. भट्टीत ते वितळून काच होते. त्यात तांबे असले तर हिरवा-फिरोजी रंग येतो, कोबाल्टने निळा, लोखंडाने पिवळा-तपकिरी. सिंध-मुलतानच्या कुंभारांच्या हातात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या होती.

१८७० नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत टेरी नावाच्या इंग्रज शिक्षकाने झिलईच्या भांड्यांचे काम सुरू केले. कसब सिंधच्या कुंभारांचे. त्याच काळात, १८७२ पासून १८८५ पर्यंत, ग्रिफिथ्स साहेब शाळेचे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. मग अजिंठ्याची वेलबुट्टी या भांड्यांवर उतरली. म्हणजे आपल्या भिक्खूंच्या लेण्यांतली नक्षी, सिंधी मुसलमान कुंभाराची झिलई आणि बुडाला शिक्का ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’चा. बोलताना लोक म्हणणार, टेरी साहेबाची भांडी!

आम्ही गिरणीत साच्यावर उमर काढली. ताग्यावर शिक्का गिरणीचा. आमचे नाव फक्त हजेरीच्या वहीत. म्हणून हा शिक्का आम्हाला लवकर समजतो.

काहून असे? काही विद्वान सांगतात की आपल्या देशात कारागीर नाव लिहीतच नसत, तशी रीतच नव्हती. आम्हाला हे पटत नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कोरले आहे की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास सोनाराचे नाव आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी, हे कोरीवकाम आम्ही केले, असे लिहून ठेवले. दोन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. विहाराच्या दारात सोनाराला, दंतकाराला आपले नाव कोरता येत होते, कुणी त्याचा हात धरला नाही.

आणि कुंभार? नाशिकच्या लेण्यात ईश्वरसेन आभीर राजाच्या काळातला एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली. त्यात कुलरिकांच्या श्रेणीकडे १००० कार्षापण. कुलरिक म्हणजे कुंभार, असा अर्थ अभ्यासक लावतात. पाहा ना, व्याजाने पैसा ठेवावा इतका कुंभारांवर भरवसा! नाव मात्र श्रेणीचे आहे, एकाही माणसाचे नाही.

सिंधच्या कुंभारांची काही नावे मात्र वाचली. बर्डवुड नावाच्या इंग्रजाने १८८० साली हिंदुस्थानच्या हस्तकलांवर ग्रंथ लिहिला, त्यात ती आहेत: कराचीच्या उस्मान कुंभाराचा मुलगा जुमू आणि ठठ्ठ्याचा पेरानू, तोही जुमूचा मुलगा.

मुंबई शाळेची ही भांडी लंडनच्या संग्रहालयात आहेत, तशीच भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही आहेत. आपल्यापैकी अनेकजण ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. एखादा दिवस जास्त राहून राणीच्या बागेशेजारी जाऊन यावे. पोरांना सोबत न्यावे, आणि हे घडवले कोणी, हे तिथल्या माणसाला विचारावे.