गावच्या खोलीपासून अकरा महिन्यांच्या करारापर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास येतोच. पहिली कमिटी, पाण्याची टाकी, लिफ्ट, कंपाउंडची भिंत. पण त्याआधीचाही एक इतिहास आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा, वडील किंवा आपण स्वतः मुंबईत आलो ते फ्लॅटमध्ये नव्हे. शिक्षण संपवून, हातात एक ट्रंक घेऊन आलो. राहायला कुठे, हा प्रश्न तेव्हाही होता. नोकरी मिळायची, पण जागा मिळायची नाही.

मुंबईत १८५३ साली रेल्वे आली, १८५४ मध्ये कापडगिरणी निघाली आणि १८५७ साली विद्यापीठ. या तिन्हींनी तरुणांना ओढून आणलं. घरांचं मात्र कोणी पाहिलं नाही. दाटीवाटी इतकी झाली की १८९६ च्या प्लेगने शहर हादरलं. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या बी.आय.टी. चाळी आणि पुढे १९२० नंतरच्या बी.डी.डी. चाळी म्हणजे सरकारने दिलेलं उत्तर. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून बी.डी.डी.च्या २०७ इमारती उभ्या राहिल्या. एका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हाही त्यांचा मुक्काम परळच्या बी.आय.टी. चाळीतच होता.

एकट्या तरुणाला तर अख्खी खोलीही परवडत नसे. त्याच्यासाठी लोकांनीच सोय काढली. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी गिरगाव, लालबाग, परळ भागात ‘गावची खोली’ घेतली. भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं, प्रत्येकाला भिंतीकडेला एका ट्रंकेपुरती जागा. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला पथारी टाकायचा. पावसाळा सोडला तर बरेच जण गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपत. जेवायला महिन्याच्या बोलीवर खानावळ, आणि रविवारी संध्याकाळी ती बंद! या खानावळी चालवणाऱ्या बायकांच्या कष्टांवर गिरणगाव जेवला. त्यांनाच एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

मुली नोकरीला येऊ लागल्या, तेव्हा हा प्रश्न आणखी अवघड झाला. त्यांना गॅलरीत झोपून चालणार नव्हतं. नातेवाइकांचं घर, नाहीतर होस्टेल. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांना मदत देण्याची केंद्र सरकारची योजना आली तीच मुळी १९७२-७३ मध्ये.

दरम्यान कायद्यानेही रंग दाखवले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बऱ्याच जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. आत राहणाऱ्याला आधार मिळाला, पण नव्याने येणाऱ्यासाठी दार बंद झालं; कारण भाड्याने देण्यासाठी कोणी बांधेना आणि जुन्या खोलीला पागडी मोजावी लागे. त्यावर उपाय म्हणून ‘लिव्ह अँड लायसन्स’ आलं. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू करारावर राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला आणि मालक घाबरले. फ्लॅट कुलूप लावून ठेवू, पण देणार नाही, असं म्हणू लागले. तरुणांच्या वाट्याला उरलं काय? पेईंग गेस्ट आणि ‘कॉट बेसिस’. म्हणजे खोली नाही, फक्त खाट.

३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला. मुदत संपली की लायसन्सवाल्याने जागा सोडायची, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मालकांची भीती गेली आणि कुलपं उघडली. आपल्या सोसायटीचं वय आणि या कायद्याचं वय जवळपास सारखंच आहे. आपल्या आवारात आज जी भाड्याने राहणारी मुलं-मुली दिसतात, ती याच बदलामुळे. बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा सरकारी आदेश २००१ मध्ये निघाला.

कायदा सुधारला, पण आपलं मन? ‘बॅचलरना जागा देऊ नये’ हा विषय सर्वसाधारण सभेत दर एक-दोन वर्षांनी निघतो. रात्री उशिरापर्यंत आवाज, पार्किंग, कचरा या तक्रारी खऱ्या आहेत, त्या झाकायचं कारण नाही. पण त्यासाठी नियम आवाजाचा करावा, वयाचा किंवा लग्नाचा नको. आज आपलीच मुलं पुण्यात, बंगळुरूत डिपॉझिट हातात घेऊन दारोदार फिरतायत आणि तिथल्या कमिट्यांकडून हेच वाक्य ऐकतायत.

मुंबईत सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात १९१५ मध्ये गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने झाली, तीही जागेच्या याच अडचणीतून. एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी मिळून करायचं, हे त्याचं मूळ. गावच्या खोलीचंही तेच. तेव्हा पुढच्या पंचवीस वर्षांसाठी एवढंच सुचवावंसं वाटतं: नव्या भाडेकरूला पहिल्या आठवड्यात नियमांची प्रत द्या, नाव विचारा आणि गणपतीच्या आरतीला बोलवा. वर्गणीही घ्या, नाही कशाला म्हणतील!