एस्ते, एसे आणि आकेल

काही वर्षांपूर्वी मी एक टेबल उडवलं. जेवायचं नव्हे, डेटाबेसमधलं.

क्लाएंट मेक्सिकोचा होता. रात्रीचे साडेदहा वाजलेले, चॅटवर तिकडच्या सहकाऱ्याशी गप्पा चाललेल्या. माझ्या स्क्रीनवर एक तात्पुरतं टेबल उघडं होतं आणि मघाशी बोलणं झालं होतं दुसऱ्या सर्व्हरवरच्या जुन्या टेबलाबद्दल. त्याने लिहिलं, 'बोर्रा एसा.' बोर्रा म्हणजे पूस. मी तीन महिने स्पॅनिशच्या क्लासला जाऊन आलेलो, त्यामुळे कॉन्फिडन्स दांडगा. एसा म्हणजे 'ते', आणि 'ते' म्हणजे अर्थातच मघाचं. उडवलं! त्यात आमच्या टेस्टिंगवाल्या मुलीने चार दिवस बसून भरलेला डेटा होता. बॅकअप नव्हता. तिचा शनिवार-रविवार त्यात गेला आणि ती मला एक शब्द बोलली नाही, हे जास्त लागलं.

चूक काय झाली? मराठीत आपलं काम दोनात भागतं, हा आणि तो. स्पॅनिशमध्ये तीन आहेत. एस्ते म्हणजे माझ्याजवळचा, एसे म्हणजे तुझ्याजवळचा, आकेल म्हणजे दोघांपासूनही लांबचा. स्त्रीलिंगी एस्ता, एसा, आकेया. म्हणजे तो बिचारा म्हणत होता, 'तुझ्यासमोर आहे ते पूस.' जुनं टेबल हवं असतं तर आकेया म्हणाला असता.

ही तीन घरं आली कुठून हे मग शोधत बसलो. लॅटिनमध्येही तीनच होती: हिक, इस्ते, इले. पण गंमत बघा, लॅटिनमधलं इस्ते म्हणजे 'तुझ्याजवळचा'. कोर्टात प्रतिपक्षाच्या माणसाला हेच लावायचे, त्यामुळे त्याला जरा तुच्छतेचा वास होता. इ.स.पू. 70 मध्ये सिसेरोने व्हेरेसवर खटला चालवला, त्या भाषणांत तो आरोपीला सारखा इस्ते म्हणतो. मग हेच इस्ते स्पॅनिशमध्ये एस्ते, म्हणजे 'माझ्याजवळचा' कसं झालं?

लोकलमध्ये खिडकीजवळचा उतरला की सगळे एकेक सरकतात ना, तसं. हिक हा शब्दच मुळात इवलासा. बोलीतून 'ह' गेला आणि तो झिजून संपला. (पुरता नाही. आओरा म्हणजे 'आत्ता', हे मूळचं हाक होरा, 'या तासाला'. त्यातला 'आ' तेवढा उरला.) खिडकी रिकामी झाल्यावर इस्ते तिथे सरकलं. मधल्या जागेवर इप्से येऊन बसलं, ज्याचा मूळ अर्थ 'स्वतः', त्याचं झालं एसे. लांबच्या इलेला पुढे 'बघ' अशा अर्थाचा एक टेकू मिळाला आणि आकेल तयार झालं. टेकू नसलेलं इलेही वाया गेलं नाही. त्याचंच एल हे उपपद झालं आणि 'तो' हे सर्वनामसुद्धा. गोव्यात 1961 पर्यंत राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेतही हीच तीन घरं आहेत. फ्रेंचांनी मात्र सगळा पसारा आवरून एकावर आणला.

आता क्लासमध्ये मला छळलेली गोष्ट. आग्वा, म्हणजे पाणी, स्त्रीलिंगी. पण म्हणायचं एल आग्वा. आणि 'हे पाणी' म्हणताना मात्र एस्ता आग्वा! बाईंनी 'अपवाद आहे, पाठ करा' म्हणून सोडवणूक केली. खरं तर अपवाद नाहीच. स्त्रीलिंगी इलाचं जुन्या काळी एला झालं होतं. पुढे 'आ' आला की एलाचा शेवटचा 'आ' त्यात विरघळायचा आणि उरायचं एल. म्हणजे हे एल स्त्रीलिंगीच आहे, फक्त पुरुषाच्या कपड्यात. एस्ताला हा प्रकार लागू नाही, म्हणून एस्ता आग्वा. खुद्द स्पॅनिश लोक सर्रास एस्ते आग्वा म्हणतात आणि व्याकरणवाले कपाळाला हात लावतात. आपण बरोबर बोलून भाव खावा :-)

असो. लिहिण्यातही एक भानगड होती. शब्द नामाशिवाय एकटा आला तर त्यावर आघातचिन्ह द्यायचं, नामाबरोबर आला तर नाही. उच्चारात काडीचा फरक नाही, देवनागरीत तर दोन्ही सारखेच दिसतील. कारण असं, की 'कोमिएरोन आकेयोस बोकादियोस' याचे दोन अर्थ निघतात: 'त्यांनी ते सँडविच खाल्ले' किंवा 'त्या लोकांनी सँडविच खाल्ले'. स्पॅनिश अकादमीच्या 1952 च्या नियमांनी (सक्ती 1959 पासून) घोटाळा होत नसेल तर चिन्ह गाळायला परवानगी दिली. 2010 च्या शुद्धलेखनाच्या पुस्तकाने सांगितलं, घोटाळा असला तरी गाळा, संदर्भावरून कळतं. त्याच पुस्तकाने सोलो या शब्दावरचंही चिन्ह काढलं आणि त्यावरून जी भांडणं पेटली ती पेटलीच. अकादमीचेच सदस्य असलेले कादंबरीकार पेरेस-रेवेर्ते चिन्हाच्या बाजूने उभे राहिले. शेवटी 2023 मध्ये अकादमीने सोलोच्या बाबतीत शब्द बदलले: लिहिणाऱ्याला घोटाळा वाटत असेल तर त्याने चिन्ह दिलं तरी चालेल.

'संदर्भावरून कळतं' यावर माझा तरी विश्वास नाही. हल्ली कोणी चॅटवर 'एसा' लिहिलं की मी टेबलाचं पूर्ण नाव टाइप करून विचारतो, हेच ना? समोरचा वैतागतो. त्या मुलीने पुढच्या वर्षी नोकरी बदलली. निरोपाच्या दिवशी तिने मला एक चिठ्ठी दिली, त्यावर फक्त डेटाबेसचा बॅकअप घ्यायची कमांड लिहिली होती.